पितळी टोपीची मीटरपट्टी

मी, वीरभद्र गुंडप्पा निडवंचे, वय वर्षे एक्काहत्तर, सेवानिवृत्त अध्यापक, विषय भौतिकशास्त्र, मूळ गाव मुरुड, जिल्हा लातूर, हल्ली मुक्काम नांदेड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. वकिलांना दाखला हवा होता म्हणून परवा डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत गेलो, तेव्हा त्यांनीच पुरे म्हटले.

माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. दुःखाच्या भरात लिहितो आहे असेही कोणी म्हणू नये. पत्नी उमाबाई तीन वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून मला फारसे काही वाटत नाही. भूक लागते, झोप येते, लाइट गेली की उकडते. त्याचा एक फायदा असा, की लिहिताना खाडाखोड होत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. नांदेडचे राहते घर, समोरची खोली सोडून, माझा मुलगा संगमेश्वर यास द्यावे. संगमेश्वर लातूरला क्लास चालवतो. बोर्डावर त्याचे नाव "एस. व्ही. एन. सर" असे आहे, म्हणून ओळख पटवताना घोटाळा नको. समोरच्या खोलीत क्लासची नांदेड शाखा काढायची असे त्याच्या मनात आहे. तिथे साठ मुले बसतात, हे त्याने टेप लावून मोजलेले मी खिडकीतून पाहिले आहे. मुलगा म्हणून तो चांगला आहे. आईच्या आजारपणात दर आठवड्याला आला. पण एकदा मला म्हणाला, "बाबा, लेकरांना उत्तराशी मतलब हाय. लोलक हलवत बसले तर पेपर कोण सोडवंल?" हे मी विसरलेलो नाही, म्हणून खोली त्याला नाही.

कलम २. बँकेतील जे असेल ते संगमेश्वर आणि माझी मुरुडची बहीण गुरम्मा यांना निम्मे-निम्मे. उमाबाईच्या साड्या गुरम्माने न्याव्यात. तिने त्या नेसाव्यात, कपाटात ठेवू नयेत.

कलम ३. मला आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी. जंगमांना बोलवावे. भाषणे नकोत, विशेषतः माझ्यासोबत नोकरी केलेल्या कोणाचे नको. मागच्या बॅचची जर्नले पुढच्या बॅचला वाटायची पद्धत कॉलेजात त्यांनी पाडली आणि मी ती चालू दिली. याचा खुलासा कलम ५ मध्ये येईल.

कलम ४. समोरच्या खोलीतील सामान असे: उताराची सागवानी फळी, कोनमापक जोडलेली, लाकडी ठोकळे सात, बळ मोजायचे कमानी काटे पाच, पैकी एक ताणून बिघडलेला, स्टॉपवॉच तीन, बेअरिंगच्या चाकांची गाडी, लोलकाचे गोळे, दोरा, बुचे, फळा. निवृत्तीनंतर तेरा वर्षे अकरावीची मुले इथे येत गेली. वर्षाला दहा-बारा, जास्त नाहीत. खोलीचे नियम दोन होते. गणित सोडवण्याआधी चित्र काढून वस्तूवरची सगळी बळे बाणांनी दाखवायची. प्रयोग करण्याआधी अंदाज वहीत पेनाने लिहायचा, पेन्सिलीने नाही, म्हणजे नंतर खोडता येत नाही. ठोकळा ठेवून फळी हळूहळू उचलायची आणि तो कोणत्या कोनाला घसरतो ते बघायचे. मग त्याच ठोकळ्यावर दुसरा ठेवायचा. जड झाला म्हणजे आता लवकर घसरेल, असे बहुतेक जण पेनाने लिहीत. तो त्याच कोनाला घसरला की सगळे वाकून कोनमापक पुन्हा वाचत. ते मला आवडत असे.

या खोलीत मी कोणालाही उत्तर आधी सांगितले नाही. हे शहाणपण मला उशिरा आले. ते कसे आले ते आता लिहितो, कारण या दस्तऐवजाचे खरे काम तेच आहे.

कलम ५. हदगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षे शिकवले. तेथील प्रयोगशाळेत लोलकासाठी एक लाकडी मीटरपट्टी होती, दोन्ही टोकांना पितळी टोप्या असलेली. १९९७ साली तपासणी येणार होती आणि पट्टीचे शून्याकडचे टोक फाटले होते. फाटकी पट्टी दिसायला बरी नाही म्हणून मी स्वतः करवतीने दोन सेंटिमीटर कापले, कानस मारली आणि टोपी पुन्हा ठोकून बसवली. त्या बाजूचे आकडे आधीच पुसले होते. नवी पट्टी मागवू असे ठरवले, आणि विसरलो. तपासणीत पट्टीकडे कोणी पाहिलेही नाही.

त्यानंतर पंधरा वर्षे हदगावची मुले त्या पट्टीने लोलकाची लांबी मोजत राहिली आणि गुरुत्व त्वरणाचे उत्तर दरवर्षी ९.८ येत राहिले. ते तसे यायला नको होते. ते आले, कारण आमच्याकडे प्रयोग उलटा चाले. मुले मागच्या बॅचच्या जर्नलातून आधी ९.८ घेत, त्यावरून वेळ किती यायला हवा ते काढत आणि तेवढा वेळ लिहीत. मला हे ठाऊक होते. उत्तर जुळले की मी जर्नलवर "उत्तम" लिहीत असे.

२००८ साली अकरावीत नाजिया निजामोद्दीन ही मुलगी होती. वडील निजामोद्दीन यांचे बाजारात शिलाईचे दुकान. तिने खरोखर लोलक हलवला. वीस-वीस आंदोलने मोजली, पाच वेगवेगळ्या लांब्यांना. तिचे उत्तर शंभर सेंटिमीटरला ९.९८ आणि साठला १०.१२ असे आले. लांबी आणि वेळेचा वर्ग यांचा आलेख काढला तर रेषा सरळ, पण शून्यातून जाईना. लांबीच्या अक्षाला दोनवर कापून गेली. मी म्हणालो, रेषा शून्यातून गेलीच पाहिजे, लांबी नाही तर लोलक नाही. ती म्हणाली, "सर, तुमची पट्टी कमी हाय. टेपचं टोक झिजलं की अब्बा दहापासून मोजतेत. एकदा दहापासून मोजून बघा की."

वर्गात हशा झाला. मी म्हणालो, इथे शिलाईकाम चालत नाही. तिने आलेखाचा कागद पुढे केला. मी तो फाडला, प्रयोगाला शून्य दिले आणि जर्नलवर लाल शाईने लिहिले: "रीडिंग बनावट." पन्नास मुलांत खरी रीडिंगे त्या एका जर्नलात होती. मग निजामोद्दीन यांना बोलावून सांगितले, की मुलगी खोटे आकडे लिहिते. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिला विज्ञानातून काढले. वर्षभर ती कला शाखेत होती, नंतर दुकानात.

२०१२ साली मी निवृत्त झालो तेव्हा जुने सामान मोडीत निघाले, त्यातून ती पट्टी आठवण म्हणून घरी आणली. उमाबाईने त्या पट्टीने समोरच्या खोलीची खिडकी मोजली, ती दोन पट्ट्या भरली. दोन मीटर कापड आणून पडदा शिवला, तो चार सेंटिमीटर लांब झाला. ती म्हणाली, "दुकानदारानं बरोबर दिलंय. तुमची पट्टीच खोटी हाय." मी स्टीलचा टेप लावला. करवत, कानस, टोपी, सगळे आठवले. नाजियाच्या आलेखाचे दोन तुकडे पुरावा म्हणून मी ठेवले होते. ते जोडले. तिच्या रेषेच्या चढावरून हिशेब केला तर ९.७८ येते, आपल्या भागात जेवढे यायला हवे तेवढेच. आणि रेषा जिथे अक्षाला कापते, तेवढीच पट्टी कापलेली. एका मुलीने एका कागदावर उत्तरही काढले होते आणि माझी चूकही मोजून दिली होती.

उमाबाई म्हणाली, "जाऊन सांगा तिला." मी म्हणालो, जाऊ. हदगावची बस दर तासाला आहे. बारा वर्षे मी म्हणत राहिलो, जाऊ. २०१९ साली निजामोद्दीन गेले. त्यांना मुलगी खोटारडी नव्हती हे कधी कळले नाही. मी हे लिहितो आहे आणि मला रडू येत नाही. लाज मात्र वाटते. आता वाटणारी तेवढीच एक गोष्ट उरली आहे.

मागच्या वर्षी गेलो. ती दुकानात मशीनवर होती. मी उभ्याउभ्याच सगळे सांगितले. तिने मशीन थांबवली नाही. शिवण संपल्यावर म्हणाली, "मला तवाच माहीत होतं, सर. तुमाला कवा कळलं?"

"दोन हजार बारा."

"मंग इतके दिवस काय करून राहिलते?"

तिने चहा मागवला. मी प्यालो आणि परत आलो.

सबब, हदगाव येथे २००८ साली नाजिया निजामोद्दीन हिच्या जर्नलवर मी लिहिलेला "रीडिंग बनावट" हा शेरा मी या दस्तऐवजाने रद्द करीत आहे. तिची रीडिंगे खरी होती. बनावट पट्टी होती आणि ती मी बनवली होती.

कलम ६. समोरची खोली व कलम ४ मधील सामान मी मूळ मसुद्यात नाजियाच्या नावे लिहिले होते. तो वाचायला व साक्षीदार व्हायला ती काल हदगावहून आली. वकिलांनी समजावले, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही न केलेली बरी, उद्या कोर्टात वाद निघतो. दोन्हींपैकी एक निवडा. तिने विचार करायलाही वेळ घेतला नाही. म्हणाली, "खोली घेऊन मी काय करू, सर? मला दुकान हाय. ते पट्टीचं लिव्हलंय ना, त्याच्याखाली मला सही करू द्या."

म्हणून खोली व सामान आता माझी नात, संगमेश्वरची मुलगी दामिनी हिला. दामिनी अकरावीत आहे. दिवसाला शंभर गणिते सोडवते आणि तिने अजून कमानी काटा हातात धरलेला नाही. ती अठरा वर्षांची होईपर्यंत किल्ली माझे शेजारी मलप्पा यांच्याकडे राहील. ती त्यांनी संगमेश्वरला देऊ नये, चहा पाजला तरी.

अट एक आहे. कापलेली पट्टी खोलीतच राहील, टोपीसकट. दामिनीने पहिला प्रयोग त्या पट्टीनेच करावा आणि जे येईल ते पेनाने लिहावे. तिला आधी कोणी काही सांगू नये. हे मृत्युपत्रही तिने त्यानंतर वाचावे. खिडकीचा, उमाबाईने शिवलेला पडदा काढू नये.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे आणि त्यांनी माझ्यासमोर केली आहे.

स्थळ: नांदेड
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

(सही)
वीरभद्र गुंडप्पा निडवंचे

साक्षीदार
१. मलप्पा, शेजारी, रेल्वेतून सेवानिवृत्त. (सही)

२. नाजिया निजामोद्दीन, व्यवसाय शिलाई, हदगाव. (सही)
सहीखाली एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिण्याची परवानगी साक्षीदार क्र. २ यांनी मागितली, ती दिली आहे:

सदर पट्टी मी आज माझ्या टेपने, दहापासून, मोजली. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर भरली.