वजनाचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

चाळीस बायांतल्या बारा कमी करायच्या! टोमॅटो रंगावरून निवडणारं मशीन येतंय, म्हणून.

रविराज सर, म्हणजे आमच्या मालकांचे चिरंजीव, पुण्याहून मॅनेजमेंटचा कोर्स करून आलेत. फळ्यावर चौकटी काढल्या, बाण काढले. "प्रतिभा मॅडम, भावना नकोत. निर्णय माणसाने घ्यायचाच नाही, तक्त्याने घ्यायचा." नावंही नाहीत, फक्त टोकन नंबर. म्हणजे पक्षपात नको.

खरं सांगू? मला हायसं वाटलं. लाज वाटायला हवी होती.

५ फेब्रुवारी

सरांचा इंग्रजी फॉर्म मराठीत केला. भरणार भिकन, आमचा सुपरवायझर. पेठ तालुक्याकडचा, सातवी शिकलेला. इंग्रजी त्याच्या डोक्यावरून जाईल.

तीनच रकाने. टोकन, वजन, गुण. वजन म्हणजे सरांचं ते 'वेटेज', त्या बाईवाचून निवडीच्या लाईनचं किती अडतं ते. गुण दहापैकी. दोन्हींचा गुणाकार, आणि सगळ्यात खालच्या बारा घरी. मराठी किती सोपी केली म्हणून स्वतःवरच खूश!

भिकन विचारत होता, "मॅडम, वजन बी लिहायचं?" मी फोनवर होते. म्हटलं, "हो रे, तेच तर मुख्य आहे."

७ फेब्रुवारी

दुपारी शेडमध्ये डोकावले तर बाया क्रेटच्या काट्यापाशी रांगेत. चपला काढून, काट्याला हात लावून पाया पडून एकेक वर चढतेय. काटा म्हणजे लक्ष्मी! खिदळत होत्या. सुमनबाईला कोणी तरी म्हणालं, "अगं उतर, काटा मोडंल!"

रागवणार होते. म्हटलं हसू दे बापड्यांना, किती दिवस हसणार आहेत.

१० फेब्रुवारी

ऑफिसातल्या निकिताने आकडे कॉम्प्युटरवर चढवले. मी शेवटचे बारा नंबर तेवढे पाहिले आणि सही केली. मग नावं जुळवली.

टोकन २३. चिमणाबाई!

एकोणीस वर्षं लाईनवर आहे. मी नवी होते तेव्हा हिनेच शिकवलं, टोमॅटो दाबायचा नाही, तळहातावर नुसता फिरवायचा. आतून कुजलेला असला की हाताला कळतो. ती खालच्या बारांत कशी? पण तक्त्यात आलंय. तक्ता कोणाचा नातेवाईक नाही.

१२ फेब्रुवारी

पत्रं दिली. अकरा जणी रडल्या, भांडल्या. चिमणाबाईने पत्र पदराला पुसून घेतलं, जसं काही ओलं होतं. म्हणाली, "मॅडम, माझं काय चुकलं तेवढं सांगा. मंग दुसरीकडं गेले तर तसं नाय करायची."

मी म्हणाले, "तक्त्यात तसं आलं."

असं बोलले मी! जीभ झडली का नाही माझी.

१५ फेब्रुवारी

जेवण जात नाही. गंगापूर रोडवर भाजी घ्यायला थांबले आणि टोमॅटो तळहातावर फिरवत उभी राहिले. भाजीवाली म्हणाली, "घ्यायचाय का नुसता खेळवायचाय?"

१८ फेब्रुवारी

चिमणाबाईला उत्तर द्यायचं म्हणून आज पूर्ण तक्ता उघडला. पहिल्यांदाच.

गुणांच्या रकान्यात सगळ्यांना दहा. चाळीसच्या चाळीस! भिकनने एकीलाही खाली पाडलं नव्हतं. आणि वजनाच्या रकान्यात ५२, ६१, ४४, ३९... चिमणाबाई ३७.

किलो!

त्या काट्यावरची रांग. अगं आई गं. बारा बायांना आम्ही बारीक आहेत म्हणून काढलं! निकिताला विचारलं तर म्हणते, "मला वाटलं शंभरपैकी आहे." आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. त्यातली आंधळी मीच.

१९ फेब्रुवारी

शिवजयंतीची सुट्टी. बाहेर ढोल वाजताहेत, मी दार लावून सरांच्याच पद्धतीने तक्ता मांडला. सांगावं की गप्प बसावं? नोकरी, पोरीचं कॉलेज, अब्रू, सगळ्याला वेटेज दिलं. गप्प बसण्याला जास्त गुण पडले. तक्ता फाडला.

मग मेल लिहिला. 'सुपरवायझर भिकन यांनी फॉर्म चुकीचा भरल्यामुळे...' एक अक्षर खोटं नाही त्यात. वाचताना मलाच किळस आली, तरी ठेवलाय. उद्या त्याला एकदा झापते आणि पाठवते. बायांच्या बाबतीतली चूक निस्तरेल, माझंही नाव राहील.

२० फेब्रुवारी

भिकनला बोलावलं. तोंड उघडायच्या आतच तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, माझ्याकडून एक खोटं झालंय. मला वाटलं वजन घेतायत तर अशक्त बायांना हलकं काम देणार. चिमणाबाई लय थकली ना आता. एक्केचाळीस भरली होती. मी चार किलो कमी लिहिले."

तक्त्यात खालून तेरावी, म्हणजे वाचलेली पहिली बाई, अडतीस किलोची होती.

मेलमधलं त्याचं नाव खोडलं. तिथे माझं लिहिलं आणि पाठवला.