साफ की विरळ

३ नोव्हेंबर
रोपमोजणी संपली. आकडे चुकले असणार म्हणून दुपारी परत मोजले. चुकले नव्हते!

दोन वर्षांपूर्वी जंगलाच्या तीन तुकड्यांत माजलेली घाणेरीची झुडपं मी झाडून सगळी तोडून घेतली. आज तिथे छातीएवढी घाणेरी, वर परकी वेल. जंगलाची मूळची रोपं तिन्ही तुकड्यांत मिळून पाच. चौथ्यात एकशे बारा! जांभळाची तर पाय ठेवायला जागा नाही.

चौथा तुकडा म्हणजे मौनीचा. अर्धवट राहिलेला.

४ नोव्हेंबर
प्रकाशमापक घेऊन गेले. उघड्यावरचं ऊन शंभर धरलं, तर घाणेरीच्या दाट जाळीत गुडघ्याशी दोन पोचतं. रोप उगवतं आणि उपाशी मरतं. साफ केलं त्या आठवड्यातली जुनी नोंद — साठ. तिथे घाणेरीचंच फावलं, ती उन्हाला हपापलेली. मौनीच्या तुकड्यात पंधरा. तेही सरकत्या कवडशांचं.

पंधरा. एवढंच हवं होतं.

५ नोव्हेंबर
मौनी तोडणीच्या टोळीचा मुकादम होता, बावीस वर्षं. बोलायचा नाही म्हणून ते नाव. तेव्हा मात्र विचारलं होतं, "बाई, साफ की विरळ?"

"साफ म्हणजे साफ. अर्धी हजामत करतात का कुणी?" टोळी हसली. तो नाही हसला. तीन तुकडे सांगितले तसे केले, चौथ्यात तीनातलं एक झुडूप ठेवलं. मी सगळ्यांदेखत म्हटलं — अंगचोर!

"रोपांना एकदम ऊन सोसत नाही, बाई." एवढंच बोलला. मी त्याला फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करायला. चार महिन्यांत नोकरी सोडून गेला.

८ नोव्हेंबर
धाकटी म्हणाली, "जा ना त्याच्याकडे. पत्ता आहे, पाय आहेत."
"अहवालात स्पष्ट लिहिणार आहे मी."
"अहवाल तो वाचणारे का, ताई?"
आगाऊ आहे. लहानपणापासून.

११ नोव्हेंबर
हुकूमवही काढली. "चौथा तुकडा अपुरा. पूर्ण साफ करणे." अक्षर माझं, सही माझी, हुकूम अजून उभा. नियमही माझाच — लेखी हुकूम लेखीच रद्द होईल, कारणासकट, आणि टोळीपुढे वाचला जाईल. कारण काय लिहू? बाईंना कळलं नाही?

पेन उघडलं, मिटलं. सोमवारी लिहीन.

१२ नोव्हेंबर
नव्या मुकादमाला झापलं. वहीतली जुनी कामं लोंबकळत ठेवलीत! "आठवड्यात उरकतो, बाई." माणूस आज्ञाधारक आहे. मीच तयार केलेला.

१५ नोव्हेंबर
गेले एकदाची मौनीकडे. लेकीकडे राहतो, दोन खोल्या, दारात डब्यांत लावलेली रोपं. माझ्यासाठी खुर्ची पुसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चौथ्यात किती आली?" त्यानेच विचारलं.
"एकशे बारा."
"मी शंभर धरली होती." हसला! बावीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

माफी मागितली नाही. शब्द तोंडात होते. पण ज्या टोळीपुढे बोलले तिच्यापुढेच, त्या तुकड्यात उभं राहून मागायची. म्हटलं, बघायला या. "गुरुवारी येतो," म्हणाला.

ऑफिसात परतायला उशीर झाला. वही राहिली.

१७ नोव्हेंबर
दिवसभर मुख्य कचेरीत. उद्या काय बोलायचं ते येताना बसमध्ये मनात म्हणून पाहिलं. दोन वाक्यं आहेत. जमेल.

१८ नोव्हेंबर
नवा मुकादम सकाळीच दारात, खुशीत. "बाई, वहीतलं जुनं सगळं उरकलं. चौथा तुकडा काल केला. एक काडी ठेवली नाही!"

फाटकावरून निरोप आलाय. मौनी आलाय, नवा सदरा घालून.