हुलग्याच्या पिठाचा डबा

कोल्हापूर,
१२ डिसेंबर

तीर्थरूप सौ. आत्ती यांस,
संयोगिताचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. तुम्हीही माहेरी खुशाल असाल आणि चंदगडची थंडी मानवली असेल, अशी आशा करते. आजच्या दिवसांत सासूला पोस्टानं पत्र लिहिणारी सून अख्ख्या कोल्हापुरात दुसरी नसेल. पण तुम्ही तुमचा मोबाईल देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवून गेलात. तुमचे भाऊ केरबातात्या यांना कधीही फोन लावला तरी ते एकच सांगतात, "आक्का गोठ्यात हाय." सकाळी गोठ्यात, दुपारी गोठ्यात, संध्याकाळी तुमच्या मालिकेच्या वेळेलाही गोठ्यातच. तात्यांच्याकडे म्हशी दोनच आहेत ना, की तुम्ही गेल्यापासून वाढवल्या?

पत्राचं कारण अगदी किरकोळ आहे. हुलग्याच्या पिठाचा डबा सापडत नाही. तुम्ही थंडीत लसूण-जिरं घालून माडगं करता, ते करायचं होतं. कुणाला काही झालंय असं नाही. थंडी आहे, म्हणून आपलं सहज.

घर शिस्तीत चाललं आहे. हिवाळ्याचा कारभार माझ्याकडे आल्यामुळे मी माझ्या पद्धती लावल्या. बाहेरून आलं की साबणानं हात धुवायचे, शिंक आली की तोंडासमोर कोपर धरायचं, टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा, पिण्याचं पाणी कोमट, आणि कितीही गारठा असला तरी खोलीची एक खिडकी उघडी. मी बालवाडीत शिकवते, तिथं दिवसभर समोर नाकं वाहत असतात. सर्दी एकाची दुसऱ्याला कशी लागते, ते मला काही कुणी शिकवायला नको. घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. मामांनी तर सासरे असून सुनेला टाळी दिली.

त्यानंतर एकानंही त्यातलं काही पाळलं नाही.

म्हणजे मामांना किंचित सर्दी आहे. काळजीचं कारण नाही. मी म्हटलं, पातेल्यात पाणी गरम करून देते, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घ्या. त्यांना ते कमीपणाचं वाटलं. घरच्या पातेल्याची वाफ ती केवढी, असं म्हणून ते सरळ कागलला चुलतभावाच्या, आकारामभाऊजींच्या गुऱ्हाळावर गेले. तिथं रस उकळत होता. मामांनी डोक्यावर टॉवेल घेतला आणि गुळाच्या काहिलीवर वाकून उभे राहिले. रस ढवळणारा माणूस किंचाळला, आकारामभाऊजींनी कंबरेला विळखा घालून त्यांना मागे ओढलं. तुमचे मालक म्हणतात की भाऊबंदकीचा जुना राग काढला. मग झालेल्या अपमानावर उतारा म्हणून थंडगार उसाचा रस प्यायले, एकाच ग्लासातून सगळ्यांनी. घरी आले तेव्हा मिशी मफलरला चिकटली होती. ती सोडवताना मामा मला "दाग बोकळं झालं, दाग बोकळं झालं" असं सांगत होते. नाक मोकळं झालं, असं त्यांना म्हणायचं होतं.

तुमच्या मुलालाही थोडी कणकण आहे. दोन दिवस कारखान्यात गेला नाही. सम्राटला साधी शिंक आली तरी तो मृत्युपत्राच्या आवाजात बोलतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे ते मी मोजत नाही.

माडगं मी परवा करून पाहिलं. तुमच्या सगळ्या डब्यांचा आकार एक, रंग एक, आणि चिठ्ठी एकावरही नाही. तपकिरी पीठ बघून मी डबा उघडला, लसणाची फोडणी दिली, मीठ घातलं, चांगलं रटरटवलं. मामा दोन वाट्या प्यायले. तुमचं नाव घेऊन म्हणाले, "धोंडीच्या हाताची सर न्हाय, पण वास झकास हाय." सम्राटनं एक घोट घेतला आणि म्हणाला, मला दिवाळीची पहिली अंघोळ आठवायला लागली. ते उटणं होतं, आत्ती. दिवाळीचं उरलेलं. मामांना अजून सांगितलेलं नाही, कारण त्यांचा घसा खरंच बरा आहे.

राजनंदिनी मजेत आहे. तिचं नाक वाहतंय, पण ती त्या नाकासकट मजेत आहे. चार वर्षांची पोर सध्या घरात तुमची जागा चालवते. डोक्याला तुमचा स्कार्फ, कमरेवर हात, आणि प्रत्येकाला दम, "कान झाक की, वारं शिरंल." काल तिनं पोस्टमनलाही सोडलं नाही. त्यानं मुकाट्यानं कान झाकले. मी तेच सांगितलं असतं तर त्यानं मला हसून दाखवलं असतं.

आता त्या संध्याकाळचं लिहितेच, टाळून किती टाळणार. पोर शिंकत होती, आणि तुम्ही तिला दूध कट्ट्यावर नेऊन, समोर म्हशीची धार काढून, तसंच न तापवलेलं दूध पाजत होता. दुधाबद्दल मी माघार घेणार नाही. तिथं उभं राहून मोठी माणसं काय प्यायची ते पितात, पण माझ्या लेकीचं दूध उकळलेलंच असेल. हे मी आज लिहिते आणि तुम्ही परत आलात तरी म्हणेन. फक्त तो ग्लास सगळ्यांच्या देखत, त्यातून शेजारच्या अंबूबाईंच्या देखत, तुमच्या हातातून ओढायला नको होता. आणि "हे तुमच्या काळात चालत असेल" हे वाक्यही नको होतं. तुम्ही तिथल्या तिथं म्हणालात, "माझ्या काळात वाढलेला नवरा चालतोय न्हवं तुला?" अंबूबाईंनी ते वाक्य गल्लीभर केलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर चूल गार होती आणि तुम्ही चंदगडच्या एसटीत होता.

खरं सांगायचं तर सर्दी घरात मीच आणली, बालवाडीतून. हात धुऊन, कोपर धरून, सगळं करून. माझा ताप उतरला, पण आवाज पार बसला आहे. वर्गात पोरं बाकांवर चढली आहेत आणि घरात गेले कित्येक दिवस कुणी कुणावर ओरडलेलं नाही. तुम्ही नाही आणि माझ्या घशातून आवाज नाही. एवढं शांत घर मला सोसत नाही. आज कळतं की मी नियम सांगायचे, पण ते पाळायला लावत होता तुम्ही. मामा हात धुवायचे ते साबणाच्या भीतीनं नाही, तुमच्या.

तेव्हा डबा कुठला तेवढं कळवा. आणि डब्याचं राहू दे, तुम्ही येणार कधी ते कळवा. मी तुमची वाट बघते आहे. मामा बघतात, सम्राट बघतो, पोर तर दारातच असते, पण मी सगळ्यांत जास्त बघते. आईकडे जाऊन चार दिवस निजावं असं मला एकदाही वाटलं नाही. तुम्ही येऊन मला उठवावं असं वाटलं.

तुमच्याशी भांडायला आवाज राखून ठेवलेली,
संयोगिता

—

मु. पो. चंदगड,
१९ डिसेंबर

चि. सौ. संयोगितास आत्तीचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. केरबा वाचून दावतो म्हणत हुता, मी त्येच्या हातात दिलं न्हाय. चष्मा लावून माझं मीच वाचलं, दोनदा. मी खुशाल हाय. हितलं हवापाणी लई चांगलं हाय.

डबा हुडकू नको. पीठ घरात न्हायच. निघताना रागाच्या भरात समदं पिशवीत ओतून मी संगं आणलंय. म्हटलं, बसा आता कोपरं धरून.

उटण्यानं कुणी मरत न्हाय. ह्यांस्नी सांगू बी नको, न्हायतर पुढच्या दिवाळीला अंगाला लावायच्या आधी चाखून बघतील. पर काहिलीवर पुन्ना वाकलं तर मी हितनं येणार न्हाय, असं म्हणावं. असं जरा जोरात म्हणावं.

दुधाचं मी इसरलेली न्हाय. माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं दूध, आन ते म्हणं चालत न्हाय. हितं केरबाची सून बी पोराला उकळूनच देती. का गं म्हणून इचारलं, तर ती तुझंच बोलली, शब्दाला शब्द. तुमा सुनांचं कुठंतरी आधी ठरलेलं असतंय. पोरीपुरतं उकळत जा. मी काय प्यायचं ते मी बघीन.

आता खरं लिवते. गोठ्यात हाय म्हणून सांग, असं केरबाला मीच सांगितलंतं. पयल्यांदा रागानं. मग मलाबी पडसं झालं, आवाज बसला, फोनवर तू लगीच वळखलं असतंस म्हणून. कानटोपी घातली हुती, ओव्याची पुरचुंडी हुंगली हुती, तरी झालं. सासू माहेरी जाऊन आजारी पडली, हे तुला कळाय नको हुतं.

हितली माणसं चांगली हाईत. माडगं मीच केलं. केरबाची बायकू बी एकदा म्हणाली, "घ्या की वन्सं." मी न्हाय म्हटलं, तर तिनं वाटी बाजूला ठिवली आन कामाला गेली. आपल्या घरात न्हाय म्हणणाऱ्याला कोण सोडतंय? मी त्या वाटीकडं बघत बसले. गार झाली, टाकून दिली. तवा मला तुझी आठवण आली. ह्यांची न्हाय, सम्राटची न्हाय, तुझी आली. मलाबी कळंना असं का.

बुधवारच्या सकाळच्या गाडीनं निघते. स्टँडावर सम्राटला पाठवू नको, तू ये. जे काय भांडायचं हाय ते रिक्षात घरापतूर भांडून घिऊ. दारात पोरगी उभी असंल, तिच्यासमोर न्हाय.

तवर तुझा आवाज सुटला तर बरं. मला कुणीतरी वरडाय पायजे झालंय.

तुझीच,
आत्ती