हातांवर बसायचा नियम

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (शिंपीणबाई, तुम्हालाही नमस्कार. चष्मा लावून घ्या, पत्र लांब आहे. आणि मागच्या वेळेसारखं मशीन चालवता चालवता वाचू नका. ताईची तक्रार आहे की माझं अर्धं पत्र खडखडाटात जातं.) फोनवर तू दोन मिनिटांत “बरं, ठेव आता” म्हणतेस, म्हणून हा कागदाचा खटाटोप. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावतेस की कपाटात जपून ठेवला आहेस? (शिंपीणबाई, हे तिला वाचून दाखवू नका: तो पट्टा तिनं खिडकीचं दार वाजू नये म्हणून बांधलाय, हे मला तुमच्याकडूनच कळलं आहे. कळलं आहे हे तिला कळू देऊ नका.) माझं म्हणशील तर तब्येत ठणठणीत आहे. फक्त रोज संध्याकाळी वीस मिनिटं दोन्ही हात बधिर होतात. घाबरू नकोस, तो आजार नाही, शिक्षा आहे. तीच हकीकत सांगायला बसलो आहे.

आपली मुंगी आता सहा वर्षांची झाली. (खरं नाव तुला माहीत आहे, पण ती घरात सगळीकडे असते आणि साखरेच्या डब्यापाशी जास्त असते, म्हणून मुंगी.) बोलायला पोपट आहे, पण वाचायला बसवली की चित्र बघून ठोकून देते. पुस्तकात बुटांचं चित्र होतं, खाली ‘जोडा’ लिहिलं होतं, तिनं छातीठोकपणे ‘बूट’ वाचलं. मी म्हटलं, बरोबर आहे की, बूटच आहेत! सूनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी तिनं टॅबलेटवर फोनिक्सचा ऑनलाइन कार्यक्रम सुरू करून दिला. म्हणजे काय, तर पाठांतर नाही. आधी एकेका अक्षराचा आवाज ऐकायचा, मग काना, मात्रा, वेलांटी लागली की तो आवाज कसा वळतो ते ऐकायचं, आणि मग आवाजाला आवाज जोडून आपणच शब्द बनवायचा. रोज वीस मिनिटं. मुलगा आणि सूनबाई दोघं कामावरून सातला येतात, तेव्हा पहाऱ्याला मी. सूनबाईनं बजावलं होतं: “बाबा, फक्त शेजारी बसायचं. उत्तर सांगायचं नाही.” आता यात अवघड ते काय, असं मला वाटलं.

ताई, त्या कार्यक्रमात एक खार आहे. उत्तर बरोबर आलं की खार टाळ्या वाजवते, शेपूट उडवते, चांदणी देते. चुकलं की तिचे कान पडतात आणि डोळ्यांत पाणी येतं. एवढं मोठं पाणी! पहिल्याच दिवशी मुंगीनं ‘दार’ सोडून ‘गाव’ला बोट लावलं, खार रडली, खार रडली म्हणून मुंगीचा ओठ थरथरला, आणि मुंगीचा ओठ थरथरला म्हणून माझं बोट पुढे गेलं. बस, एवढंच झालं. खार हसली, मुंगी हसली, मी पण हसलो. तुला माहीत आहे, चौतीस वर्षं मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत काढली. डोक्यावर हातभर अक्षरात वेळापत्रक टांगलेलं असायचं, तरी लोक वर न बघता मलाच विचारायचे, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता! माणसाच्या पिशव्या बघून मी प्रश्न पूर्ण व्हायच्या आत सांगायचो, सव्वादहा, फलाट चार. असं बोट एकदा पुढे गेलं की मागे येतं का? महिन्याभरात मुंगी, म्हणजे माझं बोट, सातव्या पायरीवर पोचलं.

चौथ्या पायरीपासून खारीला नवं खूळ लागलं होतं. नुसतं बोट लावून भागेना, शब्द मोठ्यानं वाचून दाखवा म्हणे. आता माझा आवाज तुला माहीत आहे, फलाटावर कर्णा बंद पडला तर माझ्यावर काम भागवायचे. मी तोंडापुढे हात धरून, गळा आवळून, सहा वर्षांच्या मुलीच्या आवाजात ‘बदक’ म्हटलं. (शिंपीणबाई, हसा, पण पुढे वाचा.) खारीनं चांदणी दिली. दर शनिवारी सूनबाईच्या फोनवर प्रगतीचा अहवाल यायचा. त्या शनिवारी आला: वाचन उत्तम, मात्र मुलीचा आवाज बसलेला वाटतो, लक्ष द्यावे. झालं! सूनबाई अर्धी रजा टाकून मुंगीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, सोबत मी. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला, “आ” म्हणायला लावलं, पोरीनं दवाखाना दणाणून सोडला. डॉक्टर म्हणाले, घसा एकदम स्वच्छ. मग मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “आजोबा, घसा तुमचा बसलाय.” मी पंख्याकडे बघत राहिलो. त्याच वेळी खरं सांगून मोकळा झालो असतो तर पुढचं टळलं असतं.

पुढचं असं, की सूनबाईनं कौतुकानं तो अहवाल शाळेत वर्गाच्या बाईंना दाखवला. पालकसभेत दर वर्गातलं एक मूल एक पान वाचून दाखवतं. बाईंनी मुंगीचं नाव घातलं. दोन आठवडे हातात. पोरगी आनंदानं घरभर उड्या मारते आहे आणि इकडे मी दिवस मोजतो आहे. कारण तिला वाचता येत नाही हे जगात फक्त मला माहीत होतं. (खारीलासुद्धा नाही.) मग मी काय केलं असेल? पान पाठ करून घेतलं. तळ्याकाठच्या बदकाची गोष्ट होती. तीन दिवसांत पोपटासारखी म्हणायला लागली, मी सुटकेचा निःश्वास टाकला, तेवढ्यात वाऱ्यानं पान उलटलं आणि ती त्या दुसऱ्याच पानावर बोट फिरवत तीच गोष्ट म्हणत राहिली. मी ‘बदक’ या शब्दावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे गं? तिनं शब्दाकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. वाट बघत. मग विचारते, “आजोबा, त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसणार ना?” मी म्हटलं, नाही गं, मी मागे, पालकांमध्ये. तर म्हणते, “मग वाचणार कोण?”

ताई, त्यात लबाडी नव्हती की रडगाणं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की वाचणं हे आजोबांचं काम आहे. लाडानं करतो करतो म्हणून मी पोरीच्या तोंडातला घास काढून घेतला होता, आणि वर चांदण्या मोजत बसलो होतो. मला फार वाईट वाटलं. सूनबाई घरी आल्या आल्या मी सगळं सांगून टाकलं, घशासकट. वाटलं होतं, आता चांगली खरडपट्टी निघणार. ती आधी हसली, मग खुर्चीत बसून थोडं रडली, आणि मग तिनं टॅबलेट घेऊन मुंगीला पुन्हा पहिल्या पायरीवर नेऊन बसवलं. शाळेच्या बाईंना तिनंच फोन केला. बाई म्हणाल्या, नाव राहू द्या, पान नको, चार ओळी वाचू दे. आणि मला नवा नियम लागला: मुंगी शिकत असेल तेव्हा आजोबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचं आणि तोंड मिटायचं. नियम मोडला तर मुंगीनंच सूनबाईला सांगायचं. पोरीला हे काम खारीपेक्षा जास्त आवडलं.

हातांवर बसून गप्प राहणं किती अवघड आहे ते बसून बघितल्याशिवाय कळायचं नाही. ‘दार’ हा शब्द. पोरगी म्हणते, द. मग थांबते. मग काना बघते, दा. मग भिंतीकडे बघते, नखं बघते, माझ्याकडे बघते. इकडे माझ्या जिभेवर तो शब्द अक्षरशः नाचतोय. खार दोनदा रडली, रडू दिली. तीन मिनिटं गेली. मग ती हळूच म्हणाली, दा... र. दार. आणि मान वळवून तिनं आमच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, जणू ते आत्ताच कोणी तिथे आणून बसवलं होतं. खारीच्या टाळ्यांकडे तिचं लक्षही नव्हतं. पालकसभेत चार ओळींना तिनं सहा मिनिटं घेतली. मागे कोणीतरी घड्याळ बघितलं, पुढे कोणीतरी खोकलं. ‘तळ्यात’ला अडली तेव्हा तिनं मला शोधलं. मी उभा राहिलो नाही, ओठसुद्धा हलवले नाहीत, हात खाली. ती परत पुस्तकाकडे वळली आणि वाचलं. तिचं तिनं वाचलं, ताई.

आता खरं बोलतो. तिनं दाराकडे पाहिलं तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढून तू हलत नाहीस. मी दीड वर्षाचा होतो आणि मला सांभाळायला कोणी नव्हतं म्हणून तुझी शाळा सोडवली, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. पण नंतरचं तर कोणी माझ्यावर लादलं नव्हतं. मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि तुझे सगळे कागद मी वाचले, अर्ज मी भरले, पाट्या मी सांगितल्या. एकदा जिन्यात तू विचारलंस, मला शिकवशील का रे? मी म्हटलं, तुला कशाला, मी आहे ना! आणि मी ते प्रेमानंच म्हटलं, हेच तर वाईट आहे.

तुला आठवत असेल, नोकरीच्या सुरुवातीला मी सहा महिने बाहेरगावी शिकायला होतो. परत आलो तेव्हा तू सगळी पत्रं डब्यात घालून माझी वाट बघत ठेवली होतीस. त्यात तुझ्या शाळेतल्या त्या दोन वेण्यांच्या मैत्रिणीचं एक होतं. ती नवऱ्याबरोबर फार लांब राहायला निघाली होती आणि तिची बस आपल्या बसस्थानकावर वीस मिनिटं थांबणार होती. तारीख, वेळ, सगळं लिहिलं होतं, नक्की ये म्हणून. ती तारीख चार महिन्यांपूर्वी उलटून गेली होती. मी तुला वाचून दाखवलं, मैत्रीण खुशाल आहे, तुझी आठवण काढते. तारीख मी गाळली. तू भांडी विसळत विसळत म्हणालीस, कधीतरी यायची एकदा. आणि पुढे कित्येक वर्षं अधूनमधून म्हणत राहिलीस, एक पत्र टाकून मग गप्पच झाली ती. ती गप्प झाली नव्हती, ताई. ती फलाटावर वीस मिनिटं उभी होती. मला माफ करू नकोस वाटलं तर, पण हे तुला कळायला हवं होतं.

आणि हेसुद्धा तुला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतंय, याची मला लाज वाटते. शिंपीणबाई, वाचणारा गाळू शकतो, तो मोह मला चांगला माहीत आहे. तेव्हा वरचे सगळे कंससुद्धा आता तिला वाचून दाखवा, पट्ट्याचा धरून. गाळा म्हणालो ती माझी जुनी खोड.

घरच्या सगळ्यांचा तुला नमस्कार. गुडघा सांभाळ.

तुझा,
धाकटा

ता. क. : सोबतच्या खोक्यात मुंगीचा टॅबलेट आहे. तिला शाळेतून दुसरा मिळाला. खार आत आहे. तुझं नाव घालून ठेवलं आहे, पहिली पायरी. वय विचारतात तिथे यादी आठच्या पुढे जातच नाही, म्हणून आठ लिहिलं. तुझी शाळा सुटली तेव्हा तू आठचीच होतीस, तेव्हा खोटं लिहिलं असं मला वाटत नाही.

ता. क. दुसरा : शिंपीणबाई, खरी विनंती तुम्हाला आहे. रोज वीस मिनिटं मशीन बंद ठेवून तिच्या शेजारी बसा. ती अडेल, चिडेल, या वयात कसले चाळे म्हणेल, तुमच्या तोंडाकडे बघेल. सांगू नका. हात मांड्यांखाली. तुम्हाला माझ्यापेक्षा अवघड जाईल, तुमच्या हातांना सतत काम लागतं.

ता. क. तिसरा : पाकिटात एक छोटी घडी घातलेला कागद वेगळा आहे. तो उघडू नका, ताईच्या हातात द्या. मुंगीनं स्वतः, कोणाला न विचारता, मोठ्या अक्षरात तीन शब्द लिहिले आहेत. ताईला किती का महिने लागेनात, तो कागद तिनंच वाचायचा. काय लिहिलंय ते सांगायला माझा हात शिवशिवतो आहे, आणि हातांवर बसून लिहिता येत नाही, म्हणून इथेच थांबतो.