ताराबाईला बेड्या नाहीत

९ एप्रिल १९७८, सातारा
सांगलीहून प्रकाशक नानांचं कार्ड. माझ्या रहस्यकादंबरीचा शेवट त्यांना 'अपुरा' वाटतो. खून कोणी केला ते कळतं, पण का केला ते कळत नाही आणि शिक्षाही होत नाही. "बाई, फौजदार आणा, बेड्या घाला, दोन पानांत कारण सांगून टाका." नाहीतर ते स्वतः एक प्रकरण लिहून जोडतील.

स्वतः! जन्मभर लग्नपत्रिका छापलेला माणूस.

मी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. ट्रंक कॉलवर माणसं रडली, खोटं बोलली, शिव्या देत राहिली. खरं कारण सांगून फोन ठेवणारं एकही भेटलं नाही.

१० एप्रिल
शेवट पुन्हा वाचला. ताराबाईने दिराला, पेन्शनर सुभेदाराला, चहातून विष दिलं. नर्स कमलला ते उमगतं. ती ताराबाईकडे जाते, काही विचारत नाही. ताराबाई तिच्यापुढे चहा ठेवते. कमल कप उचलते. संपलं.

उत्तम आहे. एक शब्द हलवणार नाही.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर प्रत्येक गोष्टीखाली 'मॉरल' लिहायला लावत. मी एकदा लिहिलं, 'या गोष्टीत नाही.' तासभर बाकावर उभी. तेव्हाही उतरून माफी मागितली नव्हती.

१३ एप्रिल, सांगली
नानांना गाठायला आले. भाची सुमनकडे मुक्काम. एस.टी.त ऊन, धूळ, शेजारी कोंबडी. प्रुफं मांडीवरून हलू दिली नाहीत.

सुमन म्हणाली, "मावशी, उद्या माझ्याकडे पापड आहेत. दरवर्षी एकीने वाचायचं, बाकीच्यांनी लाटायचं. या खेपेला तुझं वाच." पोथीच्या जागी विषप्रयोग. चालेल म्हटलं.

१४ एप्रिल
सकाळपासून वाचलं, घसा बसला. आठ-दहा जणी, उडदाचं पीठ, तेलकट पोळपाट. सुभेदार मेला तेव्हा लाटणी थांबली. मला भलतं बरं वाटलं.

शेवट वाचून पान पालथं घातलं. मग शेजारची आक्काताई, "आवं बाई, फुडची पानं साताऱ्यात ऱ्हायली व्हय?"

"नाही. एवढंच आहे."

"आन इख घालणारीच्या हातचा च्या प्याली ती? येडी का खुळी!"

दुसरी म्हणाली, "प्याली कुठं? उचलला नुस्ता." तिसरी म्हणाली, ज्या घरचा चहा घेतला त्या घराशी भांडण मिटलं, म्हणजे नर्सबाईने सोडलं तिला. यावर जुंपली. मग खून का केला यावर जुंपली. वाटणी. भावजयीवर नजर. जुना मार. कोणाचं कोणाशी पटेना. पीठ वाळायला लागलं तेव्हा सुमन ओरडली.

नाना, हे तुम्ही पाहायला हवं होतं. कारण सांगितलं असतं तर या सगळ्या जणी मुकाट लाटत बसल्या असत्या.

पण आक्काताई. हात धुताना तिने विचारलं, "सुबेदाराची आय कुठं हाय?"

"ती गोष्टीत नाही."

"मेली व्हय?"

"मेली नाही. लिहिलीच नाही."

"घरात सासूच न्हाई? आन घर कसलं वो ते!" सगळ्या हसल्या. ती हसली नाही. "माजी दोन पोरं पलटणीत हायती. त्यास्नी कुनी मारलं तर का मारलं ते मला नगं. पर कुनी मारलं ते सांगाय पायजे का नगं? तुमची नर्स गप बसती, आन तुमी म्हनता झ्याक झालं."

झ्याक असं मी म्हटलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसलं असावं.

१५ एप्रिल
सुमनला म्हटलं, आक्काताईला कादंबरी कळत नाही. सुमन म्हणाली, "हं."

दुपारभर चिडचिड. त्या घराचा सोपा, परसदार, चुलीवरचं आधण, सगळं मी लिहिलं. म्हातारी मात्र कुठेच बसवली नाही. ती असती तर कमलला चहा इतका सुखाने उचलता आला नसता. म्हणूनच बसवली नाही की काय...

फौजदार आणणार नाही, ते नक्की. ताराबाईचं तोंडही उघडणार नाही. पण मेलेल्याच्या बाजूने एक तरी माणूस हवं. सोळा प्रकरणं तो मरून पडलाय, आणि रडायला कोणी नाही.

१७ एप्रिल
झालं. चार ओळी.

कमल कप खाली ठेवते (प्याली की नाही, सांगत नाही). निघताना सोप्यावर ताराबाईची सासू. डोळ्यांनी अधू. पावलांचा आवाज ऐकून विचारते, "नर्सबाई, कळलं का वो, कुनी केलं?" आतून ताराबाई ऐकते आहे. कमल चपलेत पाय घालते.

इथेच थांबले. पुढचं मलाही ठाऊक नाही, आणि कादंबरी मी लिहिली आहे. चाळीस वर्षांत स्वतःवर इतकी खूश झाले नव्हते.

१८ एप्रिल
छापखान्यात गेले. नानांनी आपलं प्रकरण आधीच जुळवून ठेवलेलं. त्यात फौजदार, बेड्या, आणि ताराबाईचं दीड पानी भाषण. म्हटलं, "एवढं ती बोलत असती तर विष कशाला घातलं असतं?"

त्यांनी माझ्या चार ओळी उभ्यानेच वाचल्या. "बाई, हे तर आधीपेक्षा वाईट. आता वाचकाला झोपच यायची नाही."

"मग छापा."

"आणि नाही छापलं तर?"

"तर वरचं माझं नाव काढा आणि तुमचं घाला."

नाना खुर्चीत बसले. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं, या वेळी हळू. मग म्हणाले, "म्हातारीला सांगते का हो ती?"

मी छत्री उचलली. "बघा, तुम्हीसुद्धा."

हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दोन्ही शेवट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून आले. शेवटच्या पानांचा फर्मा परवा छपाईच्या मशीनवर चढतो.