खाली बसणारं पेडल

अण्णा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही कधी न पाहिलेली तुमची नात आता स्वतः गाडी चालवते. ती सटाण्याला कॉलेजात शिकवते. सोमवारी सकाळी माझी जुनी छोटी गाडी घेऊन जाते, शुक्रवारी संध्याकाळी परत येते. मधल्या काळात त्या गाडीचं जे झालं ते नीट समजेल असं माणूस मला तुमच्याशिवाय सुचेना, म्हणून लिहायला बसले.

एका शनिवारी गाडी माझ्याकडे होती. गंगापूर रोडवर सिग्नलला थांबले. तिथे रस्त्याला जरासा उतार आहे. पाय ब्रेकवर होता आणि पायाखालचं पेडल हळूहळू खाली जायला लागलं. आधी वाटलं, माझाच पाय सरकला. मग गाडी पुढे निघाली. समोर स्कूटरवर एक आजोबा, मागे भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या आजी. मी हँडब्रेक ओढला तेव्हा मध्ये वीतभर जागा उरली होती. आजींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी घट्ट धरली. तशीच, हँडब्रेकवर हात ठेवून, गाडी जवळच्या गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने दोनतीनदा जोरात ब्रेक मारून पाहिला, चारही चाकांपाशी ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा काढली आणि म्हणाला, "काही नाही ताई, हवा धरली होती. आता एकदम टकाटक." पेडल खरंच कडक लागत होतं. पण रविवारी घराच्या फाटकाशी थांबले तर पुन्हा तेच. फोन केला तर म्हणतो, "ताई, तुमचा पाय जड पडत असेल." मी फोन ठेवला आणि त्याच क्षणी ठरवलं, आता हे काम दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायचं नाही.

देवळाली कॅम्पातलं आपलं गॅरेज आठवलं. मी नववीत आहे. शाळेतून आले की दप्तर ठेवायच्या आत तुमची हाक येते, कारण ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक गाडीखाली आणि एक पेडलवर. तुम्ही खालून सांगता, "दाब... धर... सोड," आणि मी दाबते, धरते, सोडते. त्या दिवशी कुणा फौजी कुटुंबाची गाडी आहे. ब्रेक कधी लागतो, कधी पेडल नुसतंच खाली बसतं, म्हणून दोन ठिकाणी दाखवून ते आपल्याकडे आलेत. तुम्ही मला सांगता, "जोरात दाबलं की आतलं रबर घट्ट बसतं, दोष लपतो. हलका पाय ठेव आणि थांब." मी थांबते, कंटाळते. "काय होतंय?" तुम्ही विचारता. "ठीक वाटतंय," मी म्हणते. तेव्हा तुम्ही गाडीखालून बाहेर आलात आणि माझ्यावर पहिल्यांदा ओरडलात. "वाटतंय म्हणू नकोस! या गाडीत कुणाचीतरी पोरं बसणारेत. पेडल खाली जातंय का नाही, एवढंच सांग." मी रडले. आईने तुम्हाला जेवताना दोन शब्द सुनावले, तरी तुम्ही माघार घेतली नाहीत. पुढे मी दहावी झाले तेव्हा आईला माझ्यासाठी कानातलं घ्यायचं होतं आणि तुम्ही पान्यांचा सेट घेऊन आलात. ती कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलली नव्हती. सेट अजून माझ्याकडे आहे.

तर त्या रविवारी फोन ठेवल्यावर मी आपल्या गाडीत बसले, हलका पाय ठेवला आणि थांबले. पेडल लोण्यात सुरी उतरावी तसं खाली गेलं. डबीतलं ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलेलं. चारही चाकांच्या आत हात फिरवला, कुठे ओल नाही. म्हणजे ऑइल बाहेर जात नव्हतं, पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या आतच झिजलेल्या रबरामागून परत फिरत होतं. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, उद्या सकाळचं पहिलं लेक्चर माझं आहे. दोनदा पंप केलं की कडक होतंय ना? मी सांभाळून चालवेन." मी किल्ली कपाटात टाकली. "वाटेत घाट आहे, कांद्याचे ट्रॅक्टर आहेत. एसटीने जा." ती आठवडाभर एसटीने गेली आणि फोनवर तुटक बोलत राहिली. मला चाललं.

पुढच्या शनिवारी नवा सिलिंडर आणला. दुकानदाराने विचारलं, "मेकॅनिक कोण आहे तुमचा?" म्हटलं, "मीच." त्याने सिलिंडर दोनदा तपासून दिला. जुना काढताना ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं, रंग उडू नये म्हणून ते लगेच पाण्याने धुतलं, नवा बसवला, लेकीला सीटवर बसवलं आणि मी खाली शिरले. मागच्या डाव्या चाकाचा हवा काढायचा निपल गंजून धरलेला. जोर केला असता तर तुटला असता आणि सगळंच काम वाढलं असतं. त्यावर तेल सोडलं, चहा केला, पुन्हा तेल सोडलं. दुपार गेली. माझे गुडघे आता तुमच्या तेव्हाच्या गुडघ्यांपेक्षा म्हातारे आहेत. लेक म्हणाली, "राहू दे ना आई, कुणाला तरी बोलावू." पाना पुन्हा लावला, आणि किंचित कर्र झालं. मग दाब, धर, सोड. नळीतून बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. चारही चाकं झाल्यावर तिला हलका पाय ठेवायला लावला. "कसं आहे?" "बरं वाटतंय." तिला उतरवून स्वतः बसले, आणि पाय ठेवून इतका वेळ थांबले की ती आत जाऊन कुकर लावून आली. पेडल जागचं हललं नाही.

सोमवारी ती गाडी घेऊन गेली. दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. दुपारी तिचा फोन आला. घाट उतरल्यावर एक कांद्याची ट्रॉली काही खूण न देता मध्येच थांबली होती. "थांबली गं आई," ती म्हणाली, "जिथे थांबवायची होती तिथेच थांबली." मग म्हणाली, "पुढच्या वेळी खाली मी शिरते. तू पेडलवर बस."

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, कपाटातच राहतील. पण लिहितेच आहे तर एक सांगून टाकते. तुमचा आवाज मला लख्ख आठवतो, चेहरा मात्र आता फोटो पाहिल्याशिवाय आठवत नाही. तुम्ही कायम गाडीखाली असायचात ना.