बिनरेघांचा कागद

लालबाग,
सोमवार, सकाळ

प्रिय लॅन्स,

तुझा मेसेज येऊन आठवडा उलटला. दोन निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर नाही, म्हणून तू बहिणीला, नेरिसाला फोन केलास आणि तिने लगेच मला केला. "भाऊ जीव खातोय माझा, तू ठीक आहेस ना गं?" मी ठीक आहे म्हटलं. तुझा प्रश्न तसा साधा आहे. नोकरी संपली, मँचेस्टरचं घर विकायला काढलंयस, गिरगावच्या वाडीतला वरचा मजला नेरिसाने झाडूनपुसून ठेवलाय, तर डिसेंबरमध्ये कायमचा येऊ का, आणि आलो तर तू माझ्याबरोबर तिथे राहशील का? याचं उत्तर मला अंगठ्याने टाइप करून द्यायचं नव्हतं. कागद बिनरेघांचा घेतलाय, ओळी वरखाली जातील, तक्रार करू नकोस. उत्तर शेवटी आहे. कुठलाही शोधनिबंध हातात आला की आधी निष्कर्ष वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी मात्र क्रमाने वाच.

आधी इकडची हालहवाल. आमची चाळ पाडून टॉवर झाला, हे तुला माहीत आहे. मी एकोणिसाव्या मजल्यावर राहते आणि खाली गणपतीचं ढोलपथक तालीम करतं, ते वर फक्त धडधडल्यासारखं ऐकू येतं. आई गेल्यापासून घर फार नीटनेटकं राहतं, त्याचाच कंटाळा येतो. परळच्या आपल्या कॉलेजात मी अजून आठवड्यातून दोनदा शिकवायला जाते. औषधशास्त्राच्या मजल्यावर आता सगळीकडे काच आणि एसी. आपली कोपऱ्यातली खोली, जिथे खाजकुयलीच्या बिया दुधात शिजायच्या आणि सगळा जिना उकडलेल्या वालांसारखा वास मारायचा, तिथे आता प्रिंटर ठेवलाय. मी तिथे गेले की उगीच दोन मिनिटं थांबते. पोरींना वाटतं, मॅडमच्या प्रिंटआउट अडकल्यात.

ते पहिलं पोतं आठवतं? व्यापाऱ्याला आपण नुसत्या बिया सांगितल्या होत्या आणि त्याने सावंतवाडीहून शेंगांसकट माल पाठवला. कोकणातलं शेंबडं पोरसुद्धा त्या शेंगेला हात लावत नाही, आणि तू, गिरगावात जन्मलेला, फार्माकॉलॉजीचा सुवर्णपदकवाला, कोपरापर्यंत हात घातलास. पाच मिनिटांत खाजवून खाजवून लालबुंद. पाणी लावलंस, मग तर आणखीच पेटलं. मी ऑफिसातून आईला फोन लावला, शेजारच्या दुकानात, तेव्हा घरी फोन कुठे होता. ती शांतपणे म्हणाली, "शेण लाव गो त्याका. दुसरा काय औषध नाय." परळमध्ये शेण शोधायचं. मग मी देवळाबाहेर गाय घेऊन बसणाऱ्या गंगुबाईकडे धावले. लोक तिच्याकडून चारा घेऊन गायीला घालतात. शेण मागणारी मी पहिलीच. "डॉक्टरीणबाई, असल्या शिकलेल्या आणि शेण?" असं म्हणत तिने वर्तमानपत्रात बांधून दिलं. तुझ्या दोन्ही हातांना मी ते थापलं आणि वाळेपर्यंत तू खुर्चीत हात पुढे करून बसलास. तुझ्या नाकावर माशी बसली ती मी उडवली. मला तू आवडतोस हे मला त्या दिवशी कळलं. पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की ते हसू होतं, दुसरं काही नाही.

ट्रायल सुरू झाली तेव्हा आपण किती ऐटीत होतो. त्या बीत जे द्रव्य असतं तेच कंपवाताच्या गोळीत असतं हे पुस्तकात होतंच. आपल्याला बघायचं होतं, गिरणगावातल्या माणसाला ही पूड परवडेल का, पचेल का, हात उघडेल का. कुणाला पूड आणि कुणाला नुसतं चण्याचं पीठ हे मला ठाऊक, तुला नाही. तू फक्त त्यांचं अक्षर मोजायचंस, भिंगाखाली पट्टी धरून. कंपवातात हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं, पण अक्षर त्याच्याही आधी आक्रसू लागतं, ओळीच्या सुरुवातीला बरं आणि शेवटी मुंगीएवढं, हे तू मला शिकवलंस. सगळ्यांना एकच वाक्य लिहायला द्यायचो: आज सकाळी मी घरून चालत आलो. आणि पहिल्याच फेरीत आपण माती खाल्ली. मी शाळेच्या वहीचे आखीव कागद वाटले, कारण आपल्याकडे लिहायचं म्हणजे रेघांवर, हेच डोक्यात. सगळ्यांची अक्षरं टपोरी. चण्याचं पीठ खाणाऱ्यांचीसुद्धा. तू चक्रावलास, मग एकदम कपाळावर हात मारलास. दोन रेघा दिसल्या की हात त्यांच्या आधाराने चालतो, रोग लपून बसतो. ती सगळी फेरी रद्दीत गेली. तेव्हापासून तुझा नियम, नमुना कोऱ्या कागदावर आणि पहिला नमुना औषधाच्या आधी.

मग आपले पेशंट, वरळीच्या बीडीडी चाळीतले कुशाबा. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, बोलणं अजूनही मागांच्या आवाजावर मात करायची असल्यासारखं. पूड सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी त्यांनी ते वाक्य लिहिलं आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच मोठा आला. ते कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे माझं अक्षर. हे मी वळखतो." तू भिंग पुसायच्या निमित्ताने खिडकीकडे वळलास. पण पुढच्या पोत्यातली बी कमकुवत निघाली, त्याच्या पुढच्यातली भलतीच जहाल, आणि प्रत्येक वेळी नवा डोस ठरवणं काही आपल्याला जमेना. अनुदान संपलं. निरोपाच्या दिवशी कुशाबांनी एवढंच विचारलं, "आता परत बारीक व्हनार का हो?" आपण त्यांना सरकारी गोळी लावून दिली आणि मी नंतर सहा-सात वर्षं त्यांच्याकडे जात राहिले, म्हणून मला पुढचं सगळं माहीत आहे. गोळी छान चालते, मग कमी चालते. माणूस दाराच्या उंबऱ्यावर खिळून उभा राहतो, पाऊल उचलत नाही. बायकोला शर्टाची बटणं लावावी लागतात, घास भरवावा लागतो. त्या माउलीने ते न कुरकुरता केलं, पण ती किती थकली ते मी पाहिलंय.

अनुदान संपलं त्याच वर्षी तुला मँचेस्टरची फेलोशिप मिळाली. तू गेलास, कारण जायलाच हवं होतं. तू विचारलं नाहीस आणि मीही काही बोलले नाही. आपण दोघं कामात जितके चोख तितकेच या बाबतीत मठ्ठ. पुढे मॉडशी लग्न झाल्याचं कळवलंस तेव्हा मी दादरला जाऊन तिच्यासाठी नारायणपेठी घेतली, आणि तिने ती नेसून पाठवलेला फोटो अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. ती चांगली होती. दर नाताळला तिच्याच अक्षरात कार्ड यायचं. ती गेल्यावर तू रोज मेसेज करू लागलास, आज काय जेवलीस, पाऊस आहे का, आणि मी पासष्टीच्या उंबरठ्यावरची बाई सकाळी चष्मा शोधायच्या आधी फोन शोधू लागले. तुला हे कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. इतकी वर्षं गिरगावला कुणाकडे हळदीकुंकवाला गेले तरी येताना पाय तुमच्या वाडीकडे वळायचे. नेरिसा म्हणायची, चहा पी. मी वरच्या मजल्याच्या बंद खिडकीकडे बघत चहा प्यायचे.

गेल्या मे महिन्यात मसाल्यासाठी मिरच्या घेऊन आमच्या गल्लीत कांडपाला गेले. तिथे मिरची भाजतात, धणे भाजतात, वर्षानुवर्षं मी डोळे मिटून सांगायचे कुठल्या दुकानात काय चाललंय. बियांची पोतीसुद्धा मी वासावरून ओळखायचे, तू हसायचास. त्या दिवशी खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, वास मात्र आला नाही. हात थरथरायच्या कितीतरी आधी कधीकधी वास जातो हे मी वर्गात शिकवते, तरी मला वाटलं सर्दी असेल. मग जूनमध्ये आकांक्षा, माझी विद्यार्थिनी, भोचक पण हुशार, कॉरिडॉरमधून मागून येत म्हणाली, "मॅम, तुमचा उजवा हात चालताना हलतच नाही, दुखतोय का?" मी तिला म्हटलं, पर्स जड आहे. पर्स डाव्या खांद्याला होती.

तू आता पान उलटून इथलं अक्षर पहिल्या पानाशी लावून बघितलं असशील. बघ. मी आधी हे पत्र आखीव कागदावर लिहिलं होतं, लॅन्स. सुरेख आलं, शाळेत बक्षीस मिळायचं तसं, आणि त्यात शेवटी "हो, ये" असं लिहिलं होतं. ते पाकिटात घालताना मला तुझं कपाळावर हात मारणं आठवलं आणि मी ते फाडलं. ट्रायलमध्ये कुणाला काय दिलंय हे तुझ्यापासून लपवणं माझं कामच होतं. इथे ते करणार नाही. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, कुशाबांच्याच. पाकीट टेबलावर आहे, अजून फोडलेलं नाही, कारण पहिला नमुना औषधाच्या आधी घ्यायचा असतो आणि माझं अक्षर तुझ्याखेरीज कुणी मोजलेलं मला चालणार नाही. तर हा पहिला नमुना. भिंग काढ, पट्टी धर, आणि कुशाबांच्या बायकोला आठव. मला तू हवा आहेस, गिरगावच्या खिडकीत, उरलेले सगळे दिवस, यात काहीच शंका नाही. पण आलास तर हे सगळं मोजून ये. नाही आलास तर मी रागावणार नाही. खोटं कशाला बोलू, रागावेन, पण समजून घेईन. हे पत्र पोस्टात टाकून आले की पहिली गोळी घेणार. दुसरा नमुना मात्र पोस्टाने येणार नाही. तो घ्यायला तुला समोर बसावं लागेल. खाली आपलं वाक्य लिहिते.

आज सकाळी मी घरून चालत आले.

तुझीच, आणि हे पहिल्यांदाच लिहितेय,
बकुळा